माया

व्हर्ना स्टुट्झमन, वय चौपन्न.
सतरा वर्षं पडदे शिवले
चाकांवरच्या घरांसाठी.
कुणी फ्लोरिडाला निघालं, कुणी ग्रँड कॅन्यनला,
खिडकीला झालर हिच्या हातची.
ती स्वतः शिकागोपलीकडे गेली नाही कधी.

आधी पेट्रोल महागलं, मग बँका बसल्या,
मग इंडियानातल्या त्या लांबलचक शेडमध्ये
एका बुधवारी सुपरवायझर म्हणाला,
मशीनवर कव्हर घाला.
कात्री तिची होती, ती पर्समध्ये टाकली.
बाकी सगळं कंपनीचं.

आता दर रविवारी फोन.
रेकॉर्ड केलेली बाई, जिला कधी सर्दी होत नाही:
या आठवड्यात काम करण्याजोग्या होतात का?
हो असेल तर एक दाबा.
काम शोधलंत का?
आलेलं काम नाकारलंत का?
नाही असेल तर दोन.
व्हर्ना दाबते. कधी चुकून तोंडानंच बोलते,
"शोधलं हो, तीन ठिकाणी,"
आणि पलीकडे कुणी नसतं.

मंगळवारी खात्यात दोनशे एकसष्ट डॉलर.
पगाराच्या निम्मेसुद्धा नाहीत.
आधी हप्ता, मग लॉयडचं इन्सुलिन,
मग उरलं तर गॅस, मग बटाटे.
त्यातूनही बारा डॉलर डेल्बर्ट न्हाव्याला,
कारण मुलाखतीला लॉयडनं विस्कटलेलं जाऊ नये.
डेल्बर्ट तेच बारा गॅरेजवाल्याला देतो,
गॅरेजवाला सूप प्यायला जातो कोपऱ्यावरच्या डायनरमध्ये,
आणि डायनरची पाटी
या महिन्यातही खाली उतरत नाही.

चर्चच्या तळघरात विद्यापीठाचा एक तरुण आला.
फळ्यावर त्यानं रेष ओढली: ही दारिद्र्यरेषा.
म्हणाला, हा भत्ता नसता
तर या काउंटीतली इतकी घरं आज रेषेखाली असती.
आकडा व्हर्नाच्या लक्षात राहिला नाही.
ती खडूकडे बघत होती.
खडूच्या रेषेवर कापड कुणी कापतं का?
रेषेबाहेर बोटभर माया सोडायची,
आत दुमडायची, कुणाला दिसू द्यायची नाही.
माणूस वाढतं, सुटतं, आजारी पडतं,
तेव्हा तीच कामाला येते.
हे तिनं म्हटलं नाही. कॉफी गार होत होती.

मागच्या बाकावर लूपे होती.
शेडमधले संडास धुवायची, ठेकेदाराकडून, रोखीनं.
तिचा कागद कुठेच नव्हता.
"मी कुठला आकडा दाबू?" तिनं विचारलं.
तरुणानं फळ्याकडे पाहिलं,
मग आपल्या बुटांकडे.

लॉयडचा भाऊ ऑर्व्हल जेवताना म्हणतो,
फुकट मिळतंय म्हणून लोक बसून आहेत.
व्हर्ना वाटाणे पुढे सरकवते.
लोणच्याच्या कारखान्यात जागा आठ होत्या,
रांग पार्किंग ओलांडून रस्त्यापर्यंत,
थंडीत तिच्या पुढे उभा होता
तिचाच जुना सुपरवायझर.
ओळख दोघांनीही दाखवली नाही.

सव्विसावा आठवडा.
वॉशिंग्टनात म्हणे मुदत वाढेल,
म्हणे अडकलंय, म्हणे सोमवारी मतदान.
लॉयड टीव्हीचा आवाज मोठा करतो,
मग बंदच करतो.

नातीचा कोट मांडीवर.
मनगटं बाहेर यायला लागली आहेत पोरीची.
व्हर्ना बाहीची टीप उसवते,
कंपनीची नसलेली ती कात्री, जपून,
दुमड उलगडते, इस्त्रीनं दाबते.
पाऊण इंच. एक हिवाळा निघेल.
पुढच्या वर्षी उसवायला काही नाही.

आतलं कापड अजून गडद निळं,
बाहेरचं विटलेलं,
आणि दोन्हींच्या मधोमध
जुन्या टिपेच्या भोकांची रांग,
सुई गेली तरी उभी.

आज रविवार.
ती चष्मा काढते, फोन उचलते,
आकडे पाठच आहेत.